किती वॉटचे?

वरच्या मजल्यावरचा मुलगा दारात उभा राहून आधी माझ्याकडे बघून हसला आणि मग माझ्या खांद्यावरून आत, हॉलच्या कोपऱ्याकडे बघायला लागला. त्याच्या मावसबहिणीचं लग्न ठरलेलं, पाहुणे आलेले, आणि रात्री गच्चीवर घरच्या घरी नाचगाणं व्हायचं होतं. "काकू, तुमचे ते मोठे स्पीकर आज रात्रीपुरते द्याल का?" मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानंच पुढचं विचारलं, "किती वॉटचे आहेत?" म्हटलं, चाळीस. "टोटल?" म्हटलं, नाही रे, एकेक चाळीसचा. त्याचा चेहरा पडला. मुलगा वाईट नाही, सणासुदीला वाकून नमस्कार करतो, गॅसचं सिलिंडर सांगितल्याशिवाय आत आणून ठेवतो. पण त्या क्षणी त्याला माझी कीव आली हे मला स्वच्छ दिसलं. "मग राहू द्या काकू, उगाच तुम्हाला त्रास. मित्राकडे हजार वॉटचा बॉक्स आहे," असं म्हणून तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. स्पीकर द्यावे लागले नाहीत म्हणून मला हायसं वाटलं. पण कुणीतरी ते नको म्हणून गेलं याचं जे काही वाटलं, ते दिवसभर गेलं नाही. द्यायचे तर नव्हतेच, पण मागणाऱ्यानं निदान दोनदा तरी मागायला हवं होतं.

रात्री तो बॉक्स वाजला आणि पहिला तासभर चांगला दणदणीत वाजला. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात अजूनही लग्नघराला थोडी सूट असते, कुणी खिडक्या आपटून लावत नाही. नऊच्या सुमाराला आवाज फाटायला लागला. ढोलकीच्या ठोक्याचा गोलवा गेला आणि तो चपटा यायला लागला, गाणारणीच्या 'स' आणि 'श'ला करकरीत कडा आल्या. नाचणाऱ्यांना ते कळत नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं. मी खाली ओट्याशी भांडी विसळत होते आणि मला दुसरं काही ऐकूच येईना. वर जावं, कुणाच्या लक्षात न येईल असा नॉब जरासा मागे घ्यावा आणि खाली यावं, एवढंच तर करायचं होतं. पण लग्न त्यांचं, बॉक्स तिसऱ्याचाच, आणि मी खालच्या मजल्यावरची निवृत्त मास्तरीण.

गेले नाही.

त्याचा प्रश्न मात्र राहून गेला. आमचे स्पीकर पाहिले की लोक पहिल्यांदा हेच विचारतात. कुणाचा आवाज ऐकता, कशावर ऐकता, असं कुणी विचारत नाही. १९८९ साली वेतनश्रेणी बदलल्याची थकबाकी हाती आली तेव्हा मी ते केले. 'केले' म्हणजे खरंच केले. तेव्हा सोनोडाइन, कॉस्मिक ही नावं होती, पण ती आमच्या खिशाच्या पलीकडची. मग महाराणी रोडवरून आठ-आठ इंची वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या बारीक सुरांचे, घेतले, हे स्कूटर चालवत होते आणि मी मागे बसून ते जड चुंबकवाले डबे मांडीवर धरून आणले. प्लायवूडच्या पेट्या सुतारानं केल्या. सासूबाईंनी दाराशी उभं राहून दोन्ही पेट्या आत येताना पाहिल्या आणि म्हणाल्या, "सुनेनं पहिली मोठी खरेदी केली ती दोन कपाटांची, आणि त्यात ठेवायला जागा नाही." पुढे त्याच सासूबाईंनी त्यांवर क्रोशाची झालर घातली आणि मालवा हाउसच्या आकाशवाणीवरचं सकाळचं गायन लावायची जबाबदारी आपणहून घेतली. त्यांच्या हातून नॉब कधी जोरात फिरला नाही. त्यांना मोठा आवाज आवडायचा नाही असं नाही, पण वस्तूला धाप लागू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव होता. मिक्सरसुद्धा त्या मधूनमधून थांबवायच्या.

वूफरच्या चुंबकामागे छापलं होतं: ४० वॉट, आणि विजेला होणारा रोध ८ ओहम. वर्गात मी हा आकडा उदाहरणाला घ्यायची. हे चाळीस वॉट म्हणजे आवाज किती, असं विचारलं की मुलं हमखास फसायची. घरगुती स्पीकर विजेचा जेमतेम एक टक्का, बहुतेक वेळा त्याहूनही कमी, आवाजात बदलतो. चाळीस वॉट आत गेले तर आवाज होऊन बाहेर येतो जेमतेम पाव वॉट. उरलेले सगळे त्या वाटोळ्या पडद्यामागच्या तांब्याच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन बसतात. म्हणजे तो आकडा स्पीकर किती ओरडेल हे सांगतच नाही, किती सोसेल ते सांगतो. आणि बाजारात तो नेमका उलटा विकला जातो. नव्वदच्या दशकात तर टेपरेकॉर्डरवर 'हजार वॉट पीएमपीओ' (क्षणभराची कमाल शक्ती) अशी चकचकीत पट्टी असायची. मी मुलांना सांगायची, घरी जा, टेप उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचून या. मागे लिहिलेलं असायचं, वीज लागते पंचवीस नाही तर तीस वॉट. भिंतीतून तीस घेऊन पुढून हजार देणारं यंत्र घरोघर होतं आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्ही वर्गात शिकवत होतो. मुलं हसायची, आणि दिवाळीला वडिलांना तेच यंत्र घ्यायला लावायची.

कॉइल सोसते म्हणजे काय करते हे मात्र मला पुस्तकानं शिकवलं नाही, ते एका दुकानात कळलं. सुदामा नगरला माझ्या बहिणीचा मुलगा राहतो. त्याच्याकडे बाहेरून मागवलेले देखणे स्पीकर, मागे लिहिलेलं १०० वॉट, आणि त्यांना चालवायला तीस वॉटचा अॅम्प्लिफायर. त्याचा हिशेब साधा होता: शंभराच्या स्पीकरला तीसचा अॅम्प काय जाळणार? नव्या वर्षाच्या रात्री मित्र आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं लावलं तर झांज नाही, तंबोऱ्याची जव्हारी नाही, सगळं रजईखालून आल्यासारखं. "मावशी, तू फिजिक्सवाली ना, बघ जरा." मी मल्टिमीटर लावला. वूफर सहा ओहमच्या जवळपास दाखवत होता, आठ ओहमच्या स्पीकरला तेवढंच दिसायला हवं. ट्वीटरवर काटा जागचा हलला नाही. तार तुटलेली.

मग आम्ही जेल रोडच्या आतल्या एका बोळात गेलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक खालपर्यंत ओढलेला पिवळा बल्ब आणि तिन्ही भिंतींना टांगलेले कोन. मिस्त्री साठीच्या पुढचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी ट्वीटर उघडला, चिमट्यानं घुमटाची कड धरून अलगद वर उचलली आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, सूँघिए." मी वास घेतला. जळलेल्या वार्निशचा, जरासा गोडसर, नाकाच्या मुळाशी चिकटणारा वास. कॉइल अंगठ्याच्या नखाएवढ्या नळीवर गुंडाळलेली, तार केसासारखी. एका बाजूला अजून तांब्याचा रंग होता आणि दुसऱ्या बाजूला ती काळी पडून फुगली होती. एका जागी वेटोळं सुटून बाहेर आलं होतं. बाजूला त्यांचं सोल्डरिंग आयर्न होतं, त्याच्यावर २५ वॉट लिहिलेलं. तेवढ्या वॉटमध्ये कथील पाण्यासारखं वितळतं. ट्वीटरच्या त्या तारेला सलग पाच-दहा वॉट झेपले तरी खूप. शंभर लिहिलेलं असतं ते सगळ्या पेटीला मिळून, आणि तेही गाण्यात वरच्या सुरांच्या वाट्याला शक्तीचा लहानसा भाग येतो हे धरून.

भाचा म्हणाला, पण अॅम्प तर तीसचाच होता. मिस्त्री हसले. "भैया, छोटा था, इसीलिए तो जला." ते त्यांच्या अनुभवानं म्हणत होते, मी घरी येऊन त्याला कागदावर काढून दाखवलं. अॅम्पकडे वर जायला जितका व्होल्ट आहे तितकाच आहे. त्याच्यापेक्षा जास्त मागितला की लहरीचा माथा सपाट कापला जातो. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते, म्हणजे तीसचा अॅम्प पुरता फाटला की साठाच्या दिशेनं निघतो. शिवाय त्या कापलेल्या कडांमधून मुळात गाण्यात नसलेले वरचे सूर, तिप्पट, पाचपट कंपनांचे, तयार होतात. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ढोल आणि खर्ज तर आधीच छताला टेकलेला, तो वाढू शकत नाही, नॉब आणखी फिरवला की वाढतात ते बाकीचे बारीक आवाज, आणि ते थेट ट्वीटरच्या वाट्याला जातात. ज्या स्पीकरला झांजेचा एखादा शिंतोडा मिळायचा, त्याला रात्रभर धो धो पाऊस. फाटलेला आवाज कानाला खुपतो ते आपल्या बऱ्यासाठीच. त्याच वेळी हात मागे आला तर शंभरातले नव्वद स्पीकर वाचतील, असं मिस्त्रींचं म्हणणं. हा नव्वदचा आकडा त्यांचा, त्याला कुठल्या प्रयोगाचा आधार मागू नये.

हात मागे येत नाही, हीच तर अडचण आहे. नव्या वर्षाच्या रात्री काय झालं ते मी भाच्याकडून खोदून खोदून ऐकलं. आठ वाजता नॉब घड्याळातल्या नऊच्या काट्यावर होता, अकराला दोनवर. मधे कुणी ठरवून वाढवला नव्हता. तास-दीड तास मोठ्या आवाजात बसलं की कान आपोआप बधिरतात, मग तेच गाणं मऊ वाटायला लागतं. माणसं वाढली, त्यांचं बोलणं वाढलं, बोलण्यावर मात करायला गाणं वाढलं. तिकडे तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, शंभर अंश वाढीला चाळीस टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तापलेला स्पीकर थंड स्पीकरपेक्षा एक-दोन डेसिबल हळूच वाजतो. कान म्हणतो कमी आहे, स्पीकर खरोखर कमी देतो, आणि बिचाऱ्या नॉबशेजारी सगळ्यांत उत्साही माणूस उभा असतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहा डेसिबल लागतात, आणि दहा डेसिबल म्हणजे शक्ती दहापट. दोन वॉटवर छान चाललेली मैफल 'जरा दुप्पट कर' म्हटलं की वीस वॉट मागते. त्यात 'बेस'चा नॉब पूर्ण उजवीकडे, म्हणजे खर्जाला आणखी दहापट. आणि 'लाउडनेस'चं बटण दाबलेलं! ते बटण हळू आवाजात ऐकताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून दिलेलं असतं. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली ते मोजून दाखवलं. फुल आवाजात ते दाबणं म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाला भूक लागायचं औषध देणं.

भाच्याचा आणखी एक समज होता, आणि तो माझ्या सहकाऱ्यांतही मी पाहिलेला आहे, की नॉब अर्ध्यावर म्हणजे ताकद अर्धी. तसं नसतं. आमच्यासारख्या जुन्या अॅम्पला पूर्ण जोर लावायला २०० मिलिव्होल्टच्या आसपास पुरतात, कारण तो ट्यूनर आणि कॅसेट डेकच्या काळात जन्मला. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. तेव्हा नॉब बाराच्या काट्याजवळ, अर्ध्यावर असतानाच अॅम्पचं सगळं देऊन झालेलं असतं, उरलेला अर्धा फेरा केवळ फाडण्यासाठी. मी आमच्या नॉबशेजारी पेन्सिलीनं एक बारीक खूण केलेली आहे. पाहुण्यांना ती ओरखडा वाटते.

आता खरं सांगायचं तर मला स्वतःला मोठा आवाज आवडतो. हे लोकांना पटत नाही, कारण मी शास्त्रीय ऐकते आणि शास्त्रीय ऐकणारे म्हणजे हळू ऐकणारे, असा एक समज. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा मी बहुतेक वर्षी टोरी कॉर्नरच्या बाजूला कुणाच्या तरी गॅलरीत असते. गुलाल तिमजली उडतो, गाड्यांवर भिंतीसारखे रचलेले स्पीकर, आणि ढोल-ताशाच्या वर तो डीजेचा ठोका बरगड्यांत येतो, कानात नंतर. खिडकीची काच थरथरत असते, हातातल्या बशीत शेव-पोह्यांवरचं जिरावण, म्हणजे वरून भुरभुरलेला मसाला, सरकत असतं. मी नाक मुरडत नाही. पण घरी येऊन मी तेच गाणं आमच्या स्पीकरवर त्या जोरात लावणार नाही, आणि अमीर खाँसाहेबांनी गायलेला मारवा राग मात्र जवळपास पेन्सिलीच्या खुणेपर्यंत नेते. यात दुटप्पीपणा नाही, हिशेब आहे.

अमीर खाँसाहेब आमच्या इंदूरचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते, सारंगी वाजवायचे. खाँसाहेबांचं अतिविलंबित झूमरा तालातलं गाणं चालू असतं तेव्हा दोन मात्रांच्या मधे माणूस उठून पाणी पिऊन येईल. तंबोरा, मंद्रातला तो हळू सरकणारा स्वर, आणि मग एखाद्या जागी आवाज उघडतो, किंवा डग्ग्यावर एक भरलेला 'धा' पडतो. तेवढाच क्षण शिखर. अशा ध्वनिमुद्रणात शिखर आणि सरासरी यांच्यात पंधरा-वीस डेसिबलचं अंतर सहज असतं. आजच्या रीमिक्समध्ये ते दाबून दाबून सहा-आठवर आणलेलं असतं, सगळं एकाच पातळीत, श्वास घ्यायला जागा नाही. आता माझ्या तीस वॉटच्या अॅम्पवर दोन्ही अगदी फाटण्याच्या काठापर्यंत नेले, तर खाँसाहेबांच्या मारव्यात कॉइलला सरासरी मिळतो एखादा वॉट, आणि रीमिक्समध्ये दहा-पंधरा. नॉब जवळपास तोच, खोलीतला सगळ्यांत मोठा क्षणही तितकाच मोठा. पण मारव्यात कॉइलला गार व्हायला वेळ मिळतो, रीमिक्समध्ये ती तापतच राहते. 'किती वॉटचे' विचारणाऱ्याला मी हे सांगायला हवं होतं का? तो पायऱ्या गाळत वर जात होता.

खर्जाची गोष्ट वेगळी आहे, तिथे जळत नाही, मोडतं. त्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट मागेपुढे जावं लागतं. आमचा आठ इंची वूफर झूमऱ्यातल्या डग्ग्याला पुरून उरतो. भाच्यानं एकदा आमच्याकडे त्याच्या फोनमधलं काहीतरी लावलं, पोटात कालवाकालव करणारा खोल बेस. मी जाळी काढून ठेवली आणि त्याला समोर बसवून म्हटलं, कान सोड, डोळ्यांनी बघ. काळा कागदी कोन एरवी स्थिर दिसतो, अंगावर बोट ठेवलं तरच थरथर कळते. त्या वेळी तो बोटभर पुढे येऊन आत जात होता, मधली टोपी अस्पष्ट झालेली, आणि आवाज मात्र त्या मानानं काहीच नाही. मी आणखी केसभर वाढवल्यावर आतून 'टक्' झालं. कॉइलची नळी मागच्या लोखंडावर आपटल्याचा तो आवाज. लगेच बंद केलं. एकदा आपटली तर निभावतं. तासभर आपटत राहिली की नळी चेपते, मग ती फटीत घासते आणि स्पीकर खरखरायला लागतो. भाचा काही न बोलता कोनाकडे बघत राहिला. त्या एका 'टक्'नं माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा जास्त काम केलं. वाकड्या झालेल्या एलपी तबकडीवरही हे दिसतं: गाणं नसताना कोन आपला सावकाश डुलत असतो, ऐकू काहीच येत नाही, आणि अॅम्पची शक्ती त्या डुलण्यातच चाललेली असते.

बाकीची पथ्यं घरात अंगवळणी पडलेली, त्यांचं कौतुक नाही. अॅम्प सगळ्यांत शेवटी चालू करायचा, सगळ्यांत आधी बंद. पिन लावायची-काढायची तर नॉब शून्यावर. तारेचा एक सुटा धागा लाल-काळ्यात आडवा पडलेला नाही ना, ते दिव्याखाली बघायचं. २००३च्या आसपास इथे लोडशेडिंगनं जीव नको केला होता, तेव्हा लाइट गेली की सासूबाई अंधारात चाचपत आधी अॅम्पचं बटण बंद करायच्या, मग मेणबत्ती शोधायच्या. लाइट परत यायची ती धाडकन, आणि त्या धक्क्याबरोबर स्पीकरमधून जो ठोका निघतो तो त्यांना सहन व्हायचा नाही. कॉइल वगैरे त्यांना काही सांगायची गरज पडली नाही.

मिस्त्रींनी ट्वीटरला नवी कॉइल बसवली. वूफरचीही एक कड सुटली होती, तीही केली. ते बघायला मी मुद्दाम दुसऱ्यांदा गेले. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या चार बारीक पट्ट्या कापून त्यांनी नळी आणि लोखंडी गाभा यांच्या मधे चारी बाजूंनी सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोब्बर मध्यावर राहते. मग कोनाला सरस, वर वाटी पालथी घालून रात्रभर. कुणाच्या तरी बरगड्यांचं चित्र असलेली ती पट्टी, आणि तिच्या आधारानं उभा राहणारा आवाज. सकाळी पट्ट्या ओढून काढल्या, दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवला, 'खट्ट' झालं आणि कोन पुढे आला. "प्लस सही है," म्हणाले. माझ्याकडच्या स्पीकरचं वय ऐकून त्यांनी विचारलं, किनार फोमची की कापडाची? कापडाची म्हटल्यावर मान डोलावली. फोमची असती तर एव्हाना न वाजवताही भुगा झाली असती. त्यांच्याकडे असे पुष्कळ येतात, दुलईत गुंडाळून जपलेले, आवाज एकदाही न वाढवलेले, आणि उघडून बघावं तर किनार बोटाला चिकटून येते. हे ऐकल्यापासून माझ्या मनातली जपण्याची हौस जरा सैल झाली. रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून मी खुणेपर्यंत जाते. जायलाच हवं.

भाच्याला मी सल्ला दिला तो त्याच्या मित्रांना उरफाटा वाटला: स्पीकर तेच ठेव, अॅम्प मोठा घे. त्याच्या जुन्या अॅम्पला त्यानं दोन जोड्या समांतर जोडल्या होत्या, आठाचे चार ओहम झालेले, तो तापून तापून स्वतःच बंद पडायचा. नवा शंभर वॉटचा आला. आता 'धा' पडतो तो गोल पडतो, माथा कुठे कापला जात नाही, सगळं स्वच्छ. एक गोष्ट मी त्याला बजावून सांगितली आणि त्यानं ती कितपत ऐकली मला शंका आहे, की आता फाटून सावध करणारं कुणी राहिलं नाही. कॉइल जळेल ती सुरात जळेल. त्याला ध्वनिप्रदूषणाचा नियमही वाचून दाखवला, २००० सालचा, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. तो म्हणाला, मावशी, ५५ मध्ये तर आईचं नुसतं बोलणंच भरेल.

परवा त्याच्याकडे पोह्यांना बोलावलं होतं. जिन्यात शेजारच्या आजोबांनी गाठलं. "ते जुनं मशीन फार चांगलं होतं हो," ते म्हणाले, "साडेनऊला आपोआप गप्प व्हायचं. हे नवं आणायला कुणी सांगितलं याला?" मी म्हटलं, पोहे गार होतायत, आणि आत सटकले.